एकोणीस नंबरला न पोचणारा बाण

"काय व्हायला पाहिजे ते आपण लिहायचं नाही. काय होतं, ते लिहायचं." नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी मला हे सांगितलं आणि मी ते इतकं मनावर घेतलं की पुढे त्यांनाच त्याचा पश्चात्ताप झाला.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. सांगलीत बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, सायकलच्या दुकानाच्या वर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, तीन संगणक आणि साहेब. सहकारी संस्थांना तेव्हा संगणक घ्यायचं नवं वेड लागलं होतं. शेजारच्या संस्थेनं घेतला म्हणून ही घ्यायची. यंत्र यायचं, त्याला हार घातला जायचा, नारळ फुटायचा, खोलीबाहेर चपला काढायची सक्ती व्हायची, आणि मग प्रश्न पडायचा की आता याच्याकडून करून काय घ्यायचं. तिथं माझं काम सुरू व्हायचं. संस्थेत जायचं, काम पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं होतं ते माणसांना विचारायचं आणि कागदावर चौकोन आणि बाण काढून मांडायचं. कोण करतं, कशावरून करतं, नाही झालं तर काय करतात. याला सिस्टिम स्टडी म्हणत. त्या कागदावरून प्रोग्रॅम लिहिला जायचा. प्रत्येक पानाखाली चेअरमनची सही घ्यायची, म्हणजे उद्या कुणी ‘आम्ही असं म्हटलंच नव्हतं’ म्हणायला नको.

मी साताऱ्याची. वडील फौजेतून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांचा एकच कायदा होता, तोही फौजी हिंदीतला: "जो बोलना है, लिखके दो." आईनं भाजी आणायला सांगितली तरी ते चिठ्ठी मागायचे. आई चिडायची. मी मात्र त्यांच्यावर गेले. मला राग लवकर येतो आणि आला की मी तो लिहून ठेवते.

पलूसच्या बाजूला, कृष्णेच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही. न सांगताही आजूबाजूची चार गावं ‘हे आमचंच की’ म्हणतील. तिथल्या पाणीसंस्थेनं संगणक घेतला. संस्थेचं काम तसं सोपं. नदीवरच्या मोटरीनं पाणी उचलायचं, मोठ्या पाइपातून माळावर चढवायचं आणि तिथून पाटानं एकोणीस चेंबरना फिरवायचं. चेंबर म्हणजे पाटाकडेचा सिमेंटचा चौकोनी हौद. त्याचं झाकण उघडलं की त्या चेंबरखालच्या रानांना पाणी मिळतं. सगळ्यांना एकदम पुरत नाही, म्हणून पाळी. एक नंबरचं चेंबर पाटाच्या माथ्याला, एकोणीस नंबरचं शेपटाला. पाळीचा तक्ता यापुढे संगणकानं काढावा, अशी संस्थेची इच्छा होती.

साहेब आणि मी पहिल्या दिवशी गेलो. सेक्रेटरींनी माझं नाव विचारलं, मग पूर्ण नाव, मग ‘साताऱ्यात कुठं?’ एवढं झाल्यावर त्यांना काय कळायचं ते कळलं. चहा आला. चेअरमनना कपबशीत, साहेबांना कपबशीत, मला काचेच्या ग्लासात. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "चहा कुणाला कशातून द्यायचा, हे कोण ठरवतं? आणि ठरवलं नाही तर काय करतात?"

साहेबांना ठसका लागला. सेक्रेटरी म्हणाले, "कप कमी हायत मॅडम."

मी लिहून घेतलं: कप कमी आहेत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच ग्लास आले. याला प्रगती म्हणावी का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाळीचं विचारल्यावर सेक्रेटरींनी कपाटातून संस्थेच्या पोटनियमांचं पुस्तक काढलं आणि त्यावरची धूळ माझ्याच दिशेनं झटकली. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. पाळी शेपटाकडून सुरू करायची आणि माथ्याकडे यायचं. मधेच वीज गेली तर ज्या चेंबरला थांबलं तिथूनच पुढे चालू करायचं. पाळीला सभासद स्वतः रानात हजर पाहिजे, अंगठा किंवा सही त्याचीच. नसला तर पाळी बुडाली.

"असंच होतं ना?" मी विचारलं.

"न्हाईतर काय? नियम हाय त्यो," सेक्रेटरी म्हणाले.

साहेबांना तेवढ्यावर निघायचं होतं. मी म्हटलं, मला पाट बघायचा आहे. ‘काय होतं ते लिहायचं’ हे वाक्य ऐकून मला जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे अजून ते खरं वाटत होतं.

पाणी सोडायचं काम एका पाटकऱ्याकडे होतं. साठीचा माणूस, खांद्यावर फावडं, एका पायाला कायमचा चिखल. मी त्यांना मामा म्हणायला लागले. पाटाच्या कडेनं चालता चालता मी माझा चौकोनाबाणांचा कागद दाखवला, तर ते थांबून हसायलाच लागले.

"शेपटाकडनं? आवो ताई, कुनी सांगितलं तुमाला ह्ये?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकातच हाय त्ये. पानी माथ्याकडनं सुटतंय. एक, दोन, तीन, असं."

"आणि वीज गेली की?"

"मग परत एकपास्नं."

मी थांबले. "परत एकपासून का?"

मामांनी फावडं जमिनीत रोवलं आणि मला नीट समजावून सांगितलं. लाइट गेली की पाट वाळतो. वाळलेला पाट पाणी पितो. परत मोटर चालू झाली की पहिलं पाणी माथ्याकडेच मुरतं. मग माथ्याचे लोक म्हणतात, मुरतंयच तर आमचं रान भिजवूनच पुढं जाऊ दे. झालं, एकपासून सुरू. कुणी भांडत नाही, कारण सबब खोटी नाही. पाट पाणी पितोच.

"आणि एकोणीस नंबर?"

मामा पुढे चालायला लागले. "चला, दावतो."

तेरा नंबरपर्यंत पाटाच्या कडेला हिरवं होतं. पुढे गवत पिवळं होत गेलं. सोळानंतर पाटातच बाभळीची रोपं उगवली होती. एकोणीस नंबरखाली आमच्या लोकांची वस्ती आणि त्यांची रानं. चेंबरच्या झाकणावर एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पन्नाशीची, एकटी राहणारी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिनं माझं पूर्ण नाव विचारलं नाही. मीच आमच्यातला नमस्कार घातला, तशी ती उठून उभी राहिली आणि तिनं मला घरात नेऊन बसवलं. कप एकच होता, तोही दांडी नसलेला. त्यात तिनं मला चहा दिला आणि स्वतः वाटीत घेतला.

मी संगणकाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"पोरी, त्या मिशनीवर पाळी कवा येनार त्ये आदी कळंल व्हय?"

"पाणी किती मिळेल, हे नाही विचारलंत?"

"किती त्ये नगं. कवा, एवढंच सांग."

मग तिनं सांगितलं. पाळी सुरू झाली की ती घर सोडत नाही. आज येईल, उद्या येईल. पाणी येत नाही ते नाहीच, पण आलं आणि आपण नसलो तर पाळी बुडाली, म्हणून बसून राहायचं. मागल्या वर्षी बहिणीच्या मातीला गेली नाही. ‘उद्या एकोणीसला पाणी’ असं कुणीतरी म्हणालं होतं. आलं नाही. आता लेक कवठे महांकाळला, दुसऱ्या खेपेची, पाचवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण आईकडे झालं, हे सासरी होणार.

"लेकीजवळ जायाला पायजे गं. सासू न्हाई तिला. पर दिस भरत आलं आन हितं पाळी सुरू असली, तर मी काय करू?"

हे मला कुठल्या चौकोनात घालायचं ते कळेना. मी वहीत लिहिलं: ‘१९. कधी, एवढंच.’

रविवारी दुपारी सांगलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत जमिनीवर प्रिंटरचा लांब कागद पसरला आणि चौकोन-बाणांचे आकार कापलेल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं सगळं नव्यानं काढलं. साचा ठेवायचा, कडेनं पेन फिरवायचं, चौकोन तयार. एक नंबर, त्याखाली प्रश्नाचा, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार: वीज गेली? नाही, तर दोन नंबर. होय, तर परत एक. असं एकोणीसपर्यंत. काढून झाल्यावर मी बाणांवरून बोट फिरवत चालले. मामांनी सांगितलं होतं की सलग वीज असली तर बारा-तेरा नंबरपर्यंत पाणी पोचतं. सलग तेवढीच मिळते. त्यानंतर जातेच, कारण भारनियमनाचं वेळापत्रकच तसं. बोट तेरावर जायचं आणि परत एकवर यायचं. पुन्हा तेरा, पुन्हा एक. चौदापासून पुढचे सहा चौकोन कागदावर होते, सुंदर आखलेले होते, आणि त्यांच्यापर्यंत कुठलाच बाण कधी पोचणार नव्हता.

‘एकोणीसला पाणी देऊ नका’ असं कुणीच म्हटलं नव्हतं. तशी गरजच नव्हती. मला त्या दिवशी इतका राग आला की मी पट्टी भिंतीवर फेकली. तिचा एक कोपरा तुटला तो तुटलाच.

सोमवारी साहेबांना चार्ट दाखवला. हुशार माणूस, एका नजरेत कळलं त्यांना.

"अगं, हे असं नाही नेता येणार."

"काय होतं ते लिहायचं, तुम्हीच म्हणालात."

"हो, पण म्हणून..."

"आणि असंच नेलं तर प्रोग्रॅम असाच होईल. आज निदान मामा सोडतात, त्यांना कधी लाज तरी वाटते. उद्या यंत्र सोडेल. यंत्राला कोण बोलणार?"

साहेब म्हणाले, पोटनियमाप्रमाणे लिही आणि मोकळी हो. मला तेही पटेना. पोटनियम लिहिला की सगळे माना डोलावतील, आणि पाणी पूर्वीसारखंच माथ्याला मुरेल. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, आणि दाखवायचे दात घासून द्यायचं काम आमचं. नाही म्हणजे नाही. मंगळवारी सकाळी मी दोन चार्ट केले. एक जे होतं त्याचा. एक नियमाचा. दोन्हीखाली ठळक रेघ: चेअरमनची सही.

मीटिंगला चार्ट भिंतीवर लावले. चेअरमनना गावात सगळे आबा म्हणत. गोड बोलणारा माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. ते पहिल्या चार्टसमोर उभे राहिले, हात मागे बांधून.

"ताई, चित्र लय झ्याक काढलंय. फकस्त ह्यो परत येनारा बान तेवढा काढून टाका."

"तो मी घातलेला नाही आबा. तो तुमचाच आहे, मी फक्त शाई लावली."

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आडात न्हाई तर पोहऱ्यात कुटनं यायचं? लाइटच न्हाई तर..."

"आड एकच आहे. पोहरे एकोणीस आहेत. तेरा भरतात आणि सहा कोरडे राहतात, मी तेवढंच काढलंय."

"मग काय करायचं म्हनता?" आबा अजून गोडच.

"सही करायची. या कागदावर करा, नाहीतर त्या. ज्याच्यावर सही, तसा प्रोग्रॅम. तिसरा कागद माझ्याकडून मिळणार नाही."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी मनात म्हटलं, बघा खुशाल, बाहेर बाभळी आहेत. आबांनी एकदा या चार्टाकडे बघितलं, एकदा त्या. पहिल्यावर सही म्हणजे ‘आम्ही नियम मोडतो’ असं स्वतःच्या हातानं लिहून देणं. आबा तसं करणार नव्हते, एवढं मला माहीत होतं. शेवटी ते हसले आणि सेक्रेटरीकडे वळले.

"नियमाच्याच कागदावर करतो की. कागुदच हाय, त्येला काय खायाला घालावं लागतंय व्हय?"

इथं ते चुकले. संस्थेच्या कपाटात असे किती कागद नियमाला धरून निवांत पडलेले होते. सही करायची, कपाटात टाकायचा, आणि रानात चालतं ते चालू द्यायचं. आयुष्यभर त्यांचं तसंच चाललं होतं. हा कागद कपाटात जाणार नाही, यातूनच यादी निघेल, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, एवढंच.

दोन महिने लावून मी प्रोग्रॅम लिहिला. पाळी शेपटाकडून. वीज गेली तर गेलेले तास लिहायचे आणि थांबल्या चेंबरपासून पुढच्या तारखा सरकवायच्या. पहिली यादी प्रिंटरवर करकरत निघाली, वर ‘चेंबर १९’ आणि समोर तारीख, वार. ती संस्थेच्या भिंतीवर चिकटवली. एवढंच काम होतं माझं. पण आबांनी सही केलेल्या पानाच्या मी झेरॉक्स काढल्या. एक मामांना दिली, एक वस्तीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही.

पहिल्या पाळीला आबांनी मामांना निरोप दिला की पाणी नेहमीसारखं सोड. मामा खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढून आबांच्या दारात जाऊन उभे राहिले. "आबा, खाली तुमचीच सही हाय. मी अडानी मानूस, कागदाच्या भाईर कसा जाऊ?" अडाणी कसले, पाटावर त्यांच्याइतका शहाणा माणूस नव्हता. त्या दिवशी एकोणीस नंबरचं झाकण उघडलं. पाटातली बाभळीची रोपं वस्तीतल्या बायांनी आदल्या दिवशीच उपटून ठेवली होती.

दोन पाळ्या तशा झाल्या. तिसरी जवळ आली तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं. संस्थेचा फोन आला होता: दुसरा माणूस पाठवा, यादीत ‘थोडी दुरुस्ती’ करायची आहे.

"तू चुकलीस असं मी म्हणत नाही," साहेब म्हणाले. "पण हे काम आता तू सोड."

"हे दोन्ही लिहून द्या. चुकले नाही हे, आणि सोड हे."

त्यांनी लिहून दिलं नाही. मी पुढच्या महिन्यात तिथून निघाले. त्यानंतर मला पुष्कळांनी सांगितलं आहे की या कामात आपलं मत मधे आणायचं नसतं, माणूस आरशासारखा पाहिजे. मी मत आणलंच नव्हतं. आरसाच धरला होता, आणि बघणाऱ्यानं डोळे मिटून घेऊ नयेत म्हणून खाली सहीची रेघ मारली होती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारेन, जरा जाड मारेन.

पण त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा माझ्या डोक्यात आरसा वगैरे काही नव्हतं. एकोणीस नंबरची मावशी होती. तिनं भिंतीवरची तारीख कुणाकडून तरी वाचून घेतली असणार, आणि तारीख तर आता बदलणार होती. भरवसा मीच दिला होता. तो मोडायचा तर निदान तोंडानं जाऊन सांगावं, म्हणून मंगळवारी रजा टाकून मी एसटी धरली.

वस्तीत पोचले. दाराला कुलूप होतं.

मी पायरीवर बसले. थोड्या वेळानं पाटाच्या कडेनं मामा येताना दिसले, खांद्यावर फावडं.

"कुलूप कसलं मामा?"

"कवठ्याला गेली की ती. लेक बाळंत झाली, पोरगी हाय. चार दिस झालं. बेस्तरवारी आपली पाळी हाय, बुदवारी सांजच्याला येते, म्हनली."

"मामा, यादी बदलणार आहेत. एकोणीस वर राहणार नाही."

"ठावं हाय. सांगितलंय मला." त्यांनी फावडं खाली ठेवलं आणि कुलपाकडे बघितलं. "यादी बदलू दे न्हाईतर फाडू दे. तिनं तारीख सांगून घराला कुलूप लावलंय ताई. जलमात पयल्यांदा. बेस्तरवारी एकोनीसचं झाकान मी उघडनार. मग काय करायचं त्ये करू देत."

"पुढच्या पाळीला?"

"फुडच्याला वस्तीतल्या बाया हायत. रोज येऊन तारीख इचारत्यात मला. आदी कवा कुनी इचारत न्हवतं."

ते पाटाकडे निघून गेले. परतीच्या एसटीला वेळ होता. मी उठून ते कुलूप एकदा ओढून बघितलं. साधं, बाजारातलं, नवं होतं. घट्ट लागलं होतं.